वाचनालयाचा जुना सूची-प्रोग्राम : डीकंपायलेशनच्या नोंदी

८ सप्टेंबर २०२४
वडोदऱ्यातील विश्वामित्री नदीचा पूर ओसरून दहा दिवस झाले, तरी वाचनालयाच्या तळमजल्यावरील खोलीतला ओलसर वास अजून गेलेला नाही. कार्डांच्या कपाटाचे खालचे चार खण पाण्याखाली गेले होते. त्यांतील शाईने लिहिलेली कार्डे एकमेकांना चिकटली असून, ग्रंथपालबाईंनी ती गच्चीवर वर्तमानपत्रांवर वाळत घातली आहेत. परंतु त्यांपैकी बहुतेकांवरील अक्षरे वाचता येत नाहीत. त्यामुळे संपूर्ण सूची आता एकाच ठिकाणी उरली आहे : टेबलावर असल्यामुळे बचावलेला, गेली पंधरा वर्षे कापडाखाली झाकून ठेवलेला वाचनालयाचा पहिला संगणक. त्यावरील प्रोग्राम वाचनालयाच्या एका सभासदाने १९९३ मध्ये विनामूल्य लिहून दिला होता. ते गृहस्थ आज हयात नाहीत. त्यांनी दिलेली, सोर्स कोड (प्रोग्रामचा लिहिलेला मूळ मजकूर) असलेली फ्लॉपी कपाटात मिळाली, पण तिच्या चकतीवर बुरशी चढली आहे.

विदा, म्हणजे साठवलेली माहिती, वाचण्यासाठी प्रोग्राम कशाला हवा, असे कार्यवाहांनी विचारले. प्रोग्रामचा स्वतःचा फॉन्ट होता आणि मराठी मजकूर त्या फॉन्टच्या क्रमांकांतच साठवला जात असे. भारतीय लिप्यांसाठी १९९१ चे इस्की हे मानक तेव्हा उपलब्ध होते, परंतु ते येथे वापरलेले नाही. कोणता क्रमांक म्हणजे कोणते अक्षर, हे केवळ त्या प्रोग्रामलाच ठाऊक आहे.

१० सप्टेंबर
हार्ड डिस्क काढून, अडॅप्टर लावून डीडीरेस्क्यू या साधनाने तिची पूर्ण प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, घेतली. सहा सेक्टर (डिस्कचे छोटे तुकडे) कितीही वेळा प्रयत्न करूनही वाचता आले नाहीत, आणि त्यांपैकी लगतचे दोन नेमके सूचीच्या फाइलीत आहेत. यापुढचे सर्व काम प्रतिमेवरच होईल. मूळ डिस्क पिशवीत घालून कपाटात ठेवली आहे.

१४ सप्टेंबर
प्रोग्रामची फाइल ४१ किलोबाइटची आहे. सुरुवातीला एम आणि झेड ही दोन अक्षरे, म्हणजे डॉस या जुन्या कार्यप्रणालीची नेहमीची एक्झी, थेट चालणारी फाइल. ही आद्याक्षरे मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्की यांची. यंत्राच्या आज्ञांचे पुन्हा वाचता येण्याजोग्या मजकुरात रूपांतर करणाऱ्या साधनात, म्हणजे डीकंपायलरमध्ये, फाइल उघडली, तेव्हा मात्र हाती एकच लहान फंक्शन (एक ठरावीक काम करणारा प्रोग्रामचा भाग) लागले, आणि बाकी सर्व भाग निरर्थक बाइटांचा ढीग दिसला. अर्धा तास मी स्वतःच्याच समजुतीला दोष देत होतो. नंतर शीर्षभाग पुन्हा पाहिला, तेव्हा २८ व्या बाइटपासून 'एलझेड९१' ही खूण दिसली. फाब्रिस बेलार यांच्या एलझेडएक्सई या साधनाने फाइल आवळलेली होती. फ्लॉपीवर जागा वाचवण्यासाठी त्या काळी हे सर्रास केले जाई. मला दिसलेले ते एकुलते फंक्शन म्हणजे उर्वरित प्रोग्राम स्मृतीत उलगडणारा दरवान होता. अनएलझेडएक्सईने आवळण काढल्यावर फाइल ७८ किलोबाइटची झाली, आणि तिच्या पोटात बोरलँडच्या टर्बो सी चा १९८८ चा स्वामित्वहक्काचा मजकूर स्पष्ट वाचता आला. मूळ मजकुराच्या यंत्राच्या आज्ञा करणारा कंपायलर कोणता ते कळले, ही आजची कमाई.

१५ सप्टेंबर
काम पुढे नेण्यापूर्वी कायद्याचा भाग मिटवला. भारतीय कायद्यात संगणक प्रोग्राम हा साहित्यकृतींत मोडतो आणि लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे त्यावरील हक्क टिकतो. मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने घातलेली तरतूद अशी आहे की, प्रोग्राम कायदेशीरपणे जवळ असणाऱ्याला, स्वतंत्रपणे तयार केलेल्या दुसऱ्या प्रोग्रामशी त्याचा मेळ घालण्यासाठी आवश्यक ती माहिती, ती अन्यथा सहज मिळत नसल्यास, मिळवता येते. आमचे काम याच चौकटीतले आहे. तरीही कार्यवाहांनी लेखकाच्या मुलीला पत्र पाठवले, आणि तिचे लेखी संमतीपत्र आज आले. 'बाबांनी रात्री जागून लिहिलेले कोणी वाचते आहे, याचा आनंद वाटला,' असे तिने लिहिले आहे.

२१ सप्टेंबर
आज खऱ्या अर्थाने काम सुरू झाले. साधन म्हणून गिड्रा निवडले आहे. अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने ते मार्च २०१९ मध्ये सर्वांसाठी खुले केले. ते विनामूल्य आहे, आणि सोळा बिटांच्या जुन्या इंटेल कोडलाही सी चे रूप देते. डॉसचे प्रोग्राम उलटे वाचण्याची कल्पना नवी नाही. क्रिस्टिना सिफुएन्तेस यांनी १९९४ मध्ये ब्रिस्बेन येथे पीएच.डी.साठी डीसीसी हा डीकंपायलर तयार केला, तो ८०२८६ वर चालणाऱ्या डॉसच्या प्रोग्रामांसाठीच होता.

कार्यवाहांसाठी येथे थोडे विस्ताराने लिहितो. जावा किंवा डॉट नेटमध्ये तयार झालेल्या फाइलीत वर्गांची व फंक्शनांची नावे शिल्लक असतात, म्हणून तेथे डीकंपायलर जवळजवळ मूळ पानच हाती देतो. सी चा कंपायलर तसे काही ठेवत नाही. नावे, टिपा, चलाचा (मूल्य साठवणाऱ्या जागेचा) प्रकार हे सर्व गळून पडते आणि केवळ प्रोसेसरच्या आज्ञा उरतात. गिड्रा त्या आज्ञांचे प्रथम पी-कोड नावाच्या मधल्या भाषेत रूपांतर करते, कोणते मूल्य कोठून निघून कोठे पोहोचते याचा माग काढते, उड्यांच्या जाळ्यातून 'जर-तर' आणि 'जोपर्यंत' या रचना ओळखते, आणि शेवटी सी सारखा मजकूर मांडते. त्यातील चलांची नावे म्हणजे अनुक्रमांक, आणि फंक्शनांची नावे म्हणजे केवळ पत्ते. एकूण ३१२ फंक्शने सापडली, म्हणजे ३१२ अनोळखी माणसे रांगेत उभी आहेत आणि प्रत्येकाच्या गळ्यात घराचा क्रमांक तेवढा आहे.

पहिली अडचण लगेच आली. जेथे जेथे प्रोग्राम स्वतःच्या स्मृतीतील तक्ते किंवा वाक्ये वाचतो, तेथे गिड्राला पत्त्याचा अर्धाच भाग दिसत होता, कारण उरलेला अर्धा डीएस या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधील एका छोट्या कप्प्यात, असतो आणि त्याचे मूल्य गिड्राला ठाऊक नव्हते. टर्बो सी च्या प्रोग्रामची पहिलीच आज्ञा विदा-विभागाचा क्रमांक डीएक्स या दुसऱ्या रजिस्टरमध्ये भरते. तो तेथून उचलला, सर्व फंक्शनांसाठी डीएसला तो ठरवून दिला, आणि विश्लेषण पुन्हा चालवले. पडद्यावर 'पुस्तक क्रमांक टाका' यासारख्या सूचनांच्या जागी फॉन्टच्या क्रमांकांच्या माळा उमटल्या. वाचता एकही येत नव्हती, पण आपण योग्य घरात शिरलो आहोत, एवढे कळले.

२२ सप्टेंबर
३१२ पैकी बरीच फंक्शने टर्बो सी च्या स्वतःच्या ग्रंथालयातली, म्हणजे कंपायलरसोबत येणाऱ्या तयार फंक्शनांच्या संचातली, असणार, हे उघड होते. ती ओळखण्यासाठी आजच्या संगणकावर डॉस चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये टर्बो सी बसवून एक छोटा प्रोग्राम लिहिला, ज्यात फाइल उघडणे, छापणे, तुलना करणे अशी सर्व नेहमीची फंक्शने एकेकदा वापरली, आणि त्याच्या बाइटांशी आमच्या फाइलीतील बाइट ताडून पाहिले. १४८ फंक्शने जुळली. टर्बो सी बोरलँडने केव्हाच सोडून दिले, पण आपल्याकडच्या महाविद्यालयांनी ते पुढे कितीतरी वर्षे प्रयोगशाळांत जिवंत ठेवले. मीही त्याच निळ्या पडद्यावर शिकलो. त्या हट्टाला मी आजवर नावे ठेवत आलो, आज तोच उपयोगी पडला.

२९ सप्टेंबर
सूचीच्या फाइलीचा आकार २१,६२,६८८ बाइट आहे, आणि एका नोंदीची लांबी शोधायची होती. फाइलीत ठरावीक ठिकाणी जाणारे फंक्शन सापडले, पण तेथे गिड्राने दाखवलेला गुणाकार अर्धवट होता : एका फंक्शनला हाक मारली आहे, मात्र त्याला काहीच दिलेले नाही. बत्तीस बिटांच्या संख्यांचा गुणाकार टर्बो सी एका सहायक फंक्शनकडून करून घेते, आणि त्याला द्यायच्या संख्या नेहमीप्रमाणे स्टॅकवर (स्मृतीतील तात्पुरत्या चळतीवर) न ठेवता रजिस्टरांत ठेवते. डीकंपायलर मात्र स्टॅककडेच पाहत बसतो. त्या फंक्शनच्या घोषणेत रजिस्टरे स्वतः नेमून दिल्यावर ओळ पूर्ण झाली, आणि तीत १९२ हा आकडा उभा राहिला. भागाकार केला, बरोबर ११,२६४ नोंदी. त्यावरून हेही निघाले की न वाचलेल्या दोन सेक्टरांनी सहा नोंदींना इजा केली आहे.

५ ऑक्टोबर
नवरात्रामुळे रात्रीचे काम थांबले आहे. बाहेर गरबा चालू असताना खिडकी बंद करूनही आकडेमोड होत नाही. तासभरात केवळ दंडाचे फंक्शन पाहिले. तेथे जागोजागी ५२ ते ६१ या क्रमांकांचे इंटरप्ट (चालू काम थांबवून दुसरीकडे वळवणाऱ्या आज्ञा) दिसत होते, आणि डीकंपायलर त्यांपुढे हात टेकत होता. हे इंटरप्ट म्हणजे वेशांतर केलेले अपूर्णांकांचे गणित आहे : ज्या संगणकात ८०८७ हा गणिती सहप्रोसेसर नसेल, तेथेही प्रोग्राम चालावा म्हणून बोरलँडचा कंपायलर मूळ आज्ञांच्या जागी हे इंटरप्ट पेरून ठेवतो. २०५ व ५२ ही बाइटांची जोडी जेथे होती, तेथे १५५ व २१६ घातली, पुढच्या क्रमांकांचेही तसेच केले, आणि गणित वाचता आले. दराच्या जागी ०, ०, १२८, ६२ हे चार बाइट, म्हणजे ०.२५, दिवसाला पंचवीस पैसे. पण त्याआधी दिवसांतून तीन वजा केलेले आहेत. नियमपुस्तिकेत अशी सवलत कोठेही नाही. बाईंना विचारले, तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, त्यांची स्वतःचीच पुस्तकं नेहमी दोन-तीन दिवस उशिरा यायची."

१३ ऑक्टोबर
काल दसरा झाला. आज पूर्ण दिवस मिळाला आणि तो सत्कारणी लागला. अकारविल्हे क्रम लावणारे फंक्शन सापडले. ते प्रत्येक क्रमांकासाठी २५६ बाइटांच्या एका तक्त्यातून एक वजन, म्हणजे क्रमातले स्थान दाखवणारा आकडा, काढते आणि वजनांची तुलना करते. तक्ता कागदावर उतरवून घेतला, आणि शेजारी फॉन्टची फाइल ठेवली. अक्षर चितारणारे फंक्शन क्रमांकाला ४८ ने गुणते, त्यावरून प्रत्येक आकृती ४८ बाइटांची, म्हणजे सोळा ठिपके रुंद व चोवीस ठिपके उंच, हे कळले होतेच. तीवरून २५६ आकृत्यांचे चित्र छापले.

आकृती आणि वजन एकत्र पाहिल्यावर तक्ता बोलू लागला. क ला २०, अर्ध्या क लाही २०, ख ला २१. असे चालत चालत ल ला ४७ आणि व ला ४८ येते. मध्ये ळ नाही. पुढे श ४९, ष ५०, स ५१, ह ५२, आणि मग ळ ५३, क्ष ५४, ज्ञ ५५. शाळेत पाटीवर गिरवलेली वर्णमाला जशीच्या तशी. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या संगणकांच्या अक्षर-मानकात, ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसतो, तर क्ष आणि ज्ञ हे जोडाक्षर म्हणून अनुक्रमे क आणि ज यांच्या पोटात जातात. त्यामुळे आजच्या संगणकावर केवळ क्रमांकांनुसार लावलेली मराठी यादी वाचकाला चुकीची वाटते. लेखकाने या तक्त्यावर काही टीप लिहिली असेलही; ती कंपायलरने फेकून दिली. पण हा तक्ता मराठी माणसाने हाताने भरला आहे, हे ५३ या एका बाइटवरून कळते. नवीन सूचीसाठीही हाच क्रम ठेवावा, असे मी कार्यवाहांना सुचवणार आहे.

१९ ऑक्टोबर
काही आकृत्या अजून संदिग्ध होत्या : एक टिंब अनुस्वाराचे की नुक्त्याचे, एक तिरकी रेघ कशाची? त्यांचा उलगडा कळफलक हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये होणार होता, आणि नेमके तेथेच गिड्राने 'उड्यांचा तक्ता सापडला नाही' असा इशारा देऊन काम सोडले होते. टर्बो सी विखुरलेल्या पर्यायांचा स्विच (मूल्यानुसार वेगवेगळ्या वाटांना धाडणारी रचना) एका विशिष्ट रीतीने लिहिते : प्रथम सर्व मूल्ये ओळीने, त्यांच्यामागे त्याच क्रमाने सर्व पत्ते; फेरा मूल्य शोधतो आणि तेवढेच अंतर पुढे जाऊन पत्ता उचलतो. डीकंपायलरला ही रीत उमगली नाही, मला उमगायला दोन कप चहा लागले. ४१ मूल्ये आणि ४१ पत्ते हाताने जुळवले. प्रत्येक कळ कोणती आकृती उमटवते हे मिळाल्यावर संदिग्ध आकृत्यांपैकी एकच उरली.

२० ऑक्टोबर
मजकूर दिसतो त्या क्रमाने साठवलेला आहे, उच्चाराच्या क्रमाने नाही. 'स्थिती' हा शब्द फाइलीत पहिली वेलांटी, अर्धा स, थ, त, दुसरी वेलांटी असा आहे. क्रम लावण्यापूर्वी एक फंक्शन वेलांटी उचलते, पुढची अर्धी अक्षरे ओलांडते, आणि पहिल्या पूर्ण अक्षरामागे तिला बसवते. अर्धे अक्षर ओळखण्याची अट गिड्रा प्रथम 'उणे ६४ ते उणे ३३' अशी दाखवत होते, कारण त्याने बाइटला चिन्हयुक्त, म्हणजे उणे मूल्यही घेऊ शकणारा, मानले होते. प्रकार बदलून दिल्यावर तीच अट १९२ ते २२३ अशी सरळ झाली.

त्याच ओघात शोध घेणारे फंक्शन पाहिले आणि तेथे मात्र प्रकार बदलूनही उणे आकडे हटेनात. आज्ञा तपासल्या, तेथे खरोखरच चिन्ह पसरवणारी आज्ञा आहे. टर्बो सी मध्ये साधा कॅर (एका अक्षराचा चल) चिन्हयुक्त असतो, आणि लेखक या एका जागी अनसाइन्ड, म्हणजे चिन्हरहित, लिहायला विसरले होते. परिणाम असा की, १२७ च्या पुढच्या क्रमांकासाठी प्रोग्राम वजनांच्या तक्त्यात न पाहता तक्त्याच्या आधीच्या स्मृतीत पाही आणि तेथे जे असेल ते वजन समजे. यादी लावली एका क्रमाने, आणि निम्म्यानिम्म्याने शोधायची दुसऱ्या क्रमाने; अर्ध्या अक्षराने सुरू होणारे नाव पहिल्याच पायरीला भलत्या बाजूस जाई. मध्येच अर्धे अक्षर असलेले नाव कधी सापडे, कधी नाही.

बाईंना फोन करून विचारले की, 'स्वातंत्र्य' या शब्दाने सुरू होणारे पुस्तक संगणकावर सापडत असे का? त्या म्हणाल्या, "छे, 'स्व', 'प्र', 'ज्यो' वगैरे सगळी आम्ही कार्डांवरच शोधायचो. माझ्या आधीच्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी तसं सांगितलं होतं." एका विसरलेल्या शब्दाची अशी कामकाजाची पद्धत होऊन बसली होती, आणि पंधरा वर्षे तिचे कारण कोणी विचारले नाही.

२७ ऑक्टोबर
रूपांतराचा प्रोग्राम पायथन या भाषेत लिहिला. येथे एक निर्णय नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. डीकंपायलरने दिलेला सी मजकूर मी नकलून पुन्हा कंपाइल केलेला नाही. तो केवळ वाचून, त्यातील तक्ते व नियम घेऊन नवीन प्रोग्राम स्वतंत्रपणे लिहिला आहे. शोधातील चूकही त्यामुळे पुढे आलेली नाही.

पहिल्या फेरीत विषयांच्या यादीत 'सह्याद्रीतील दर्या' असे निघाले. समुद्र सह्याद्रीत कोठून आला? मूळ शब्द 'दऱ्या' होता. उरलेली ती संदिग्ध तिरकी रेघ म्हणजे अर्धा ऱ, आणि मी तिला रफार समजलो होतो. वजनांच्या तक्त्यात दोघांनाही र चेच ४६ आहे, म्हणून तेथे फरक दिसत नव्हता. वेलांटी हलवणारे फंक्शन पुन्हा वाचले, तेव्हा कळले की लेखकाने दोहोंना वेगळे वागवले आहे : रफार ज्या अक्षरावर काढायचा त्याच्यानंतर साठवलेला असतो, म्हणून तो उचलून अलीकडे आणावा लागतो, अर्धा ऱ मात्र अक्षराच्या आधीच असतो, त्याला हात लावायचा नाही. हा फरक माझ्या डोळ्यांदेखत दोन निराळ्या शाखांत लिहिलेला होता, आणि 'पुनरावृत्ती' असे नाव देऊन मी एक शाखा वगळली होती. दुरुस्ती केली. तऱ्हा, वऱ्हाड, सुऱ्या सर्व जागेवर आले.

१० नोव्हेंबर
दिवाळीनंतरची पहिली बैठक आज झाली. ११,२५८ नोंदी युनिकोडमध्ये आल्या. वाळवलेल्या कार्डांपैकी वाचता येणारी दोनशे कार्डे बाईंनी व मी समोरासमोर बसून ताडली. तीन ठिकाणी फरक निघाला, आणि तिन्ही ठिकाणी कार्डावरच चूक होती. सूची, वजनांचा तक्ता, फॉन्टच्या आकृत्यांचे चित्र, गिड्राचा प्रकल्प आणि संमतीपत्र यांच्या दोन प्रती केल्या; एक वाचनालयात वरच्या मजल्यावर राहील, दुसरी कार्यवाहांच्या घरी.

दंडातील तीन दिवसांची सवलत नवीन प्रोग्राममध्ये ठेवावी की नाही, यावर समितीत वीस मिनिटे चर्चा झाली आणि ती ठेवायची असे ठरले. इजा झालेल्या सहा नोंदींपैकी चारांची कार्डे वरच्या, कोरड्या खणांत मिळाली. उरलेल्या दोन पुस्तकांचे क्रमांक मागच्या-पुढच्या नोंदींवरून कळतात. बाई मंगळवारी मांडणीत जाऊन ती पुस्तकेच काढून आणणार आहेत.